कागदाचे विद्याधर

आपल्या निवासी शाळेत डिसेंबर महिन्यात मुलांनी कागदाच्या पंखधारी आकृती कराव्यात की करू नयेत, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. कार्डशीटचा एक शंकू, वर मण्याचे डोके, पाठीशी दोन पंख, डोक्यामागे सोनेरी कागदाचे वर्तुळ. हस्तकलेच्या कोणत्याही पुस्तकात ही कृती सापडते आणि पाचवीतले मूल अर्ध्या तासात ती पुरी करते. तरीही गेल्या काही वर्षांत पालकसभेत या अर्ध्या तासाच्या कामावर जेवढी चर्चा झाली, तेवढी गणिताच्या निकालावरही झाली नाही. चर्चा झाली याचे आम्हांस वाईट वाटत नाही. ज्या समाजाने एकदा विचारपूर्वक आपले जुने देव घराबाहेर काढले, त्या समाजाने आता घरात काय येते आहे याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, हे स्वाभाविकच होय. परंतु या चर्चेत जी दोन मते पुन्हा पुन्हा मांडली गेली, ती दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

पहिले मत असे की, हे ख्रिस्ती धर्मातले देवदूत आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्यांनी घेतल्या, त्यांच्या लेकरांनी एका धर्माचे देव सोडून दुसऱ्या धर्माच्या देवाचे दूत का करावेत? त्यातून तारीखही नेमकी तीच. २५ डिसेंबर हा आपल्या शाळेत नाताळ नव्हे. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९५४ साली याच दिवशी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली; ते विहार मुळशीपासून काही फार दूर नाही, आणि आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांचे आजोबा त्या दिवशी तेथे पायी गेले होते, असे त्यांच्या घरी सांगतात. अशा दिवशी सभागृहात पंखांचे देवदूत टांगायचे, हे काही ज्येष्ठांच्या मनाला लागते.

दुसरे मत याहून बोचरे आहे, आणि ते बहुधा सभा संपल्यावर व्हरांड्यात ऐकू येते. कागद कापणे, पेंढा वळणे, बांबूच्या कामट्या तासणे ही कामे आमच्या मुलांनी करायची असतील तर त्यांना एवढ्या लांब निवासी शाळेत कशाला ठेवले? पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. आता त्यांच्या हातात संगणक द्या.

दुसऱ्या मताकडे नंतर येऊ. पहिल्यासाठी इतिहासाचा आधार घ्यावा लागतो, आणि तो आपल्या उंबऱ्यापाशीच आहे.

मुळशीच्या डोंगरापलीकडे मावळात भाजे लेणी आहेत. तेथील कोरीवकाम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झाले. दक्षिणेकडच्या विहाराच्या ओसरीत एक रथारूढ पुरुष दोन स्त्रियांसह चालला आहे. रथाची चाके जमिनीवर नाहीत, खाली अवाढव्य देह पसरलेले आहेत आणि रथ त्यांच्यावरून, जणू हवेतून, जातो. कोणी त्याला सूर्य म्हणतात, कोणी ते मान्य करीत नाहीत. तो वाद पंडितांनी चालवावा. आमच्यासाठी महत्त्वाचे एवढेच की, आपल्या परिसरातल्या अगदी आरंभीच्या बौद्ध लेण्यांतसुद्धा आकाशातून जाणाऱ्या आकृती आहेत. सांचीच्या तोरणांवर आणि भरहुतच्या शिल्पांत बोधिवृक्षाच्या व स्तूपाच्या दोन्ही बाजूंना अर्धे मानव, अर्धे पक्षी असे किन्नर हातांत माळा घेऊन उडताना दिसतात. त्यांना चांगले दणकट पंख आहेत. म्हणजे पंखधारी आकृती बौद्ध कलेला परकी आहे, हे म्हणणे पहिल्याच पायरीवर टिकत नाही.

अजिंठ्याला मात्र पंख नाहीसे होतात. सतराव्या लेण्याच्या ओसरीतील भिंतीवर ढगांच्या निळसर लाटांतून इंद्र आणि त्याच्यासोबत अप्सरा व वादक उतरत आहेत. पंख एकालाही नाही. मग ते उडतात हे आपल्याला कसे कळते? गळ्यातल्या मोत्यांच्या माळा एका अंगाला झुकलेल्या आहेत, उत्तरीय मागे फडफडते आहे, गुडघ्यात दुमडलेला पाय मागे गेला आहे. चित्रकाराने पंख न काढता वारा काढला. आमच्या मते भारतीय कलेतील ही फार मोठी युक्ती आहे. सहलीला गेल्यावर मुलांना ती दाखवली की मुले घटकाभर तोंडात बोट घालून उभी राहतात. सव्विसाव्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. तिच्या खालच्या बाजूस शोक करणारे भिक्षू आणि उपासक, आणि वरच्या बाजूस वाद्ये घेतलेले आकाशचारी. खाली रडणे, वर संगीत. अशा आकृतींना आपल्याकडे विद्याधर, गंधर्व अशी नावे आहेत, आणि ‘विद्याधर’ हे नाव शाळेला शोभण्यासारखे आहे. विद्या धारण करणारा तो विद्याधर. शाळेतल्या प्रत्येक मुलाचे दुसरे नाव तेच असायला काय हरकत आहे!

आता ज्याला आपण ‘ख्रिस्ती देवदूत’ म्हणतो, त्याच्या पंखांची गोष्ट पाहू. ख्रिस्ती कलेच्या पहिल्या शतकांतील देवदूत बिनपंखांचेच आहेत. पंख त्यांना चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास फुटतात. ते पंख ग्रीक-रोमन कलेतल्या विजयदेवतेचे आणि पंखधारी बालकांचे. तीच पंखधारी बालके पूर्वेकडे गांधारात आली आणि तेथील बौद्ध शिल्पांत खांद्यांवर लांबच लांब माळ वाहू लागली. तेथून रेशीममार्गाने ती आणखी पूर्वेस गेली. चीनच्या आजच्या शिंच्यांग प्रांतात मीरान नावाचे ठिकाण आहे. १९०७ साली ऑरेल स्टाईन यांनी तेथे वाळूत गाडलेले स्तूप उकरले, तेव्हा स्तूपाभोवतीच्या वर्तुळाकार प्रदक्षिणामार्गाच्या भिंतीवर, खालच्या पट्टीत, मोठमोठ्या डोळ्यांचे पंखधारी चेहरे रंगवलेले निघाले. हे काम इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. स्वतः स्टाईन चकित झाले आणि त्यांनी त्यांना ‘एंजल’ असेच म्हटले. त्यांतील काही चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. दिल्लीला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वेळ काढून अवश्य पाहावीत. तेव्हा कालक्रम असा दिसतो: नाताळच्या कार्डावरच्या देवदूताला पंख मिळाले त्याच्या आधीच बुद्धाच्या स्तूपाभोवती पंखधारी आकृती रंगवल्या गेल्या होत्या. एकाच आजीची दोन नातवंडे. एक पश्चिमेला वाढले, एक पूर्वेला. त्यांतल्या एकाला पाहून दुसऱ्याच्या घराने दार लावून घेण्याचे कारण नाही.

यावर एक चलाख उत्तर येऊ शकते, आणि एका माजी विद्यार्थ्याने ते दिलेही: लेण्यांत आहे म्हणून योग्य कसे? लेण्यांत तर यक्षही आहेत, नागही आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना परंपरेने सांगितलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घेतली नाही. चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. मग आपण तरी लेण्यातले सारे का घ्यावे? हे उत्तर आम्हांस मनापासून आवडले. आपल्या शाळेत शिकलेला मुलगा असा प्रश्न विचारतो, याहून स्मरणिकेत छापण्याजोगी दुसरी गोष्ट कोणती?

आमचे म्हणणे असे. लेण्यातले आकाशचारी पूजा घेत नाहीत, पूजा करतात. त्यांच्या हातांत माळा आहेत, वाद्ये आहेत, आणि तोंडे सारी स्तूपाकडे, बोधिवृक्षाकडे किंवा बुद्धाकडे आहेत. वसतिगृहात रोज सकाळी जी बुद्धवंदना होते, तीत बुद्धाला देवांचा आणि माणसांचा शिक्षक म्हटले आहे. म्हणजे परंपरेत जे देव होते तेसुद्धा शिकायला खाली बसले. ज्याने ध्यान करून, विचार करून, दुःखाचे कारण शोधले, त्या माणसापुढे देव विद्यार्थी झाले, ही कल्पना ज्या काळी पाषाणात कोरली गेली त्या काळाचा विचार करा. आजच्या मुलाने त्या देवांच्या अस्तित्वावर विश्वास ठेवावा असे आम्ही कधीही सांगणार नाही. शिल्पकाराला आनंद दाखवायचा होता आणि त्याच्या भाषेत आनंदाचे क्रियापद ‘उडणे’ हे होते, एवढे सांगतो. प्रतिज्ञेने पूजा नाकारली आहे. कागद, कात्री आणि कल्पना तिने नाकारलेली नाही.

मात्र सजावट आणि पूजा यांच्यामधली रेघ फार बारीक आहे, हेही कबूल केले पाहिजे. आपल्याच वस्त्यांत बुद्धमूर्तीभोवती चमचमणाऱ्या दिव्यांच्या माळा लावून तिला नवसाच्या देवाची कळा आणलेली आम्ही पाहतो. १४ एप्रिलला कानठळ्या बसवणाऱ्या भिंतींपुढे नाचणाऱ्या तरुणांपैकी किती जणांनी बाबासाहेबांचे एक तरी पुस्तक वाचलेले असते, हा प्रश्न विचारला की लोक नाराज होतात, होऊ द्या. त्यामानाने पाचवीतल्या मुलीने केलेला कागदी विद्याधर अगदीच निरुपद्रवी आहे, कारण तो तिने स्वतः केला आहे. ज्याचे पोट शंकूचे आहे आणि ज्याचा पंख काल दोनदा निखळला होता, त्याच्यापुढे हात जोडणे त्या मुलीला जमणार नाही. विकत आणलेल्या, चकचकीत, कोणी आणि कसा केला हे न कळणाऱ्या वस्तूपुढे हात आपोआप जोडले जातात. हाताने वस्तू करणे हा भाबडेपणावरचा चांगला उतारा आहे, असे आमचे मत झाले आहे.

आता व्हरांड्यातल्या मताकडे येऊ.

ते मत मांडणाऱ्या पालकांविषयी आम्हांस आदर आहे, कारण त्यामागे वेदना आहे. महार वतनात वर्षभर गावकीची कामे करून हातावर काय पडत होते, हे ज्यांच्या घरात ठाऊक आहे, त्यांना ‘हातकामाचे मोल’ हे शब्द ऐकून चीड येणे रास्त आहे. बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली वतनाविषयीचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने जाण्यास १९५८ चा कायदा यावा लागला, आणि तो पाहायला बाबासाहेब राहिले नव्हते. दोर वळणे मांगाकडे, टोपल्या विणणे बुरुडाकडे, मेलेले जनावर ओढणे महाराकडे. ही वाटणी कामाची नव्हती, कामगारांची होती, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या न झालेल्या भाषणात सांगितले. मूल जन्मण्याआधीच त्याच्या हाताला काम ठरलेले असणे, आणि ते काम करणाराच हलका ठरणे, हा तो अन्याय होता.

परंतु याचा अर्थ काम हलके होते असा नव्हे. तसा अर्थ आपणच घेतला तर मनूने केलेली वाटणी आपण आपल्या हाताने कायम करतो. ज्या दिवशी महाडच्या होळीत ते पुस्तक जळाले, त्याच दिवशी मुलांनी पेंढा वळावा, बांबू तासावा, कागद कातरावा, हे म्हणूनच आम्हांस विसंगत वाटत नाही. उलट त्या दिवसाला ते शोभते. फक्त अट एक: आज हे काम कोणाच्या जातीवरून ठरत नाही. आपल्या वर्गात डॉक्टरचा मुलगा आणि वाडीवरची मुलगी एकाच घमेल्यातली खळ वापरतात. त्यातही गंमत अशी होते की, ज्याच्या घरी पेंढीची गंजी रचतात त्याला पेंढ्याची वेणी आधीच येते आणि शहरातून आलेल्याला ती त्याच्याकडून शिकावी लागते. वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारे मूल त्या दिवशी गुरुजी होते. हे दृश्य ज्या पालकांना पाहायचे असेल त्यांनी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी यावे.

या बाबतीत कार्ल्याचे चैत्यगृह आम्हांस फार बोलके वाटते. देशातील खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने आपल्या लेखात त्याला जंबुद्वीपातले उत्तम म्हणून गौरविले आहे, आणि पाहिल्यावर ते खोटे वाटत नाही. पण मुलांना आम्ही श्रेष्ठीच्या लेखापाशी फार वेळ थांबवत नाही. दाराशी धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव आहे: वेणुवासाचा पुत्र सामी. दाराचे काम त्याने केले, असा तो लेख. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक सुतार, त्याच्या बापाच्या नावासह, आज आपल्याला ठाऊक आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेवी ठेवल्याचे उल्लेख येतात. म्हणजे ज्या हातांना पुढे गावाने शिवेपलीकडे लोटले, त्यांच्यापैकी काहींच्या हाती एके काळी संघाची पुंजी विश्वासाने दिली जात होती. एवढ्यावरून त्या काळी सर्व माणसे समान होती असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, आणि इतिहासाच्या शिक्षकाने असे धाडस करू नये. पण काम करणाऱ्याचे नाव लिहिण्याची रीत होती, एवढे तरी म्हणता येते. मीरानच्याच दुसऱ्या एका स्तूपात, वेस्संतर जातकाच्या चित्रातील हत्तीच्या मांडीवर, खरोष्ठी लिपीत चित्रकाराने आपले नाव आणि आपली मजुरी लिहून ठेवली आहे: नाव तित, मजुरी तीन हजार भम्मक. काम कोणाचे आणि त्याचे किती मिळाले, दोन्ही भिंतीवरच. आजच्या कित्येक कारखान्यांपेक्षा हा हिशेब चोख म्हणावा लागेल.

म्हणून आपल्या शाळेत प्रत्येक विद्याधराच्या पाठीमागे करणाऱ्याचे नाव, आईचे नाव आणि इयत्ता लिहिली जाते. नाव नसलेली आकृती टांगली जात नाही. तिला बक्षीसही दिले जात नाही. कोणत्याच आकृतीला बक्षीस असू नये, असे आमचे मत आहे, आणि ते शिक्षककक्षात सर्वांना मान्य नाही. स्पर्धा लावली की मुले बाजारातून चमकी आणतात आणि आई-वडील रात्री जागून पंख चिकटवतात. ती मग पालकांची स्पर्धा होते.

साहित्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण माजी विद्यार्थिनींकडून कृती मागवणारी पत्रे येतात. मुळशीत यासाठी विकत घेण्यासारखे फारसे काही लागत नाही. भाताची कापणी झाली की काड मिळते. ते थोडे भिजवून, चपटे करून, त्याची तीनपदरी वेणी घालावी आणि वर्तुळ वळावे. डोक्यामागचे प्रभामंडळ त्याने होते आणि त्याला बेगडीहून अधिक खरा सोनेरी रंग असतो. अंगाचा शंकू जुन्या लग्नपत्रिकेचा. डोक्यासाठी रिठ्याची काळी बी. गुंजेच्या बिया मुलांना फार आवडतात. त्या दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असतात, त्यामुळे आम्ही त्या वर्गात येऊ देत नाही. केसांना सुतळी उकलून घ्यावी. चिकटवायला मैद्याची खळ. पुस्तके बांधणारे खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. मुलांच्या हातात तसली खळ देऊ नये, रोजची रोज ताजी करावी.

पंख मात्र पिंपळाच्या पानाचे. यासाठी पाऊस ओसरण्याच्या वेळीच सुरुवात करावी लागते. जून, जाड पाने निवडून पाण्याच्या बादलीत तीन-चार आठवडे बुडवून ठेवायची. पानातला मगज कुजतो, शिरा टिकतात. मग पान पाटीवर पसरून जुन्या दातघासणीने हलक्या हाताने घासायचे, पुन्हा पाण्यात खळबळायचे, आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायचे. हाती राहते ती शिरांची निव्वळ जाळी, विणलेल्या कापडासारखी पारदर्शक. दहातली तीन-चार पाने फाटतात. बादलीच्या वासाबद्दल वसतिगृहाच्या ताईंची तक्रार दर वर्षी येते आणि ती रास्त असते. परंतु ज्या वृक्षाखाली सिद्धार्थाला बोधी मिळाली, त्या वृक्षाच्या पानाचे दोन पंख लावलेली आकृती जेव्हा खिडकीसमोर लटकते आणि सकाळचे ऊन जाळीतून येते, तेव्हा हा ख्रिस्ती की बौद्ध असा प्रश्न विचारावा असे पाहणाऱ्याला सुचत नाही. आठवी-नववीच्या मुलांना आम्ही बिनपंखांचा, अजिंठ्याच्या पद्धतीचा विद्याधर करावयास देतो. पुठ्ठ्यातून दुमडलेला पाय, पुढे झेपावलेले धड आणि मागे जाणारे उत्तरीय कातरायचे आणि एकाच दोऱ्यावर आडवा तोलून दाखवायचा. दोरा कोठे बांधावा, यासाठी दहा ठिकाणी भोके पाडली जातात. गुरुत्वमध्याचा धडा विज्ञानाच्या शिक्षकांना त्यानंतर शिकवावा लागत नाही, असे ते स्वतःच सांगतात.

थर्माकोल आपल्या शाळेत २०१८ च्या राज्य सरकारच्या बंदीआधीपासूनच वापरत नाही. त्याचा गवगवा करण्याचे कारण नाही. धरणाच्या काठच्या गावांना कचरा कोठे जातो हे डोळ्यांनी दिसते, एवढेच.

ज्या पालकांना संगणक हवा आहे त्यांना तोही मिळतो. संगणककक्ष रोज चालतो आणि चालला पाहिजे. हिंजवडी याच तालुक्यात आहे, तेथील काचेच्या इमारतींत आपली मुले नोकरी करतात याचा आम्हांस अभिमान आहे. त्यांतल्याच काही हितचिंतकांनी सुचवले की, नाताळच्या सुमारास कंपन्यांत अशा वस्तूंना मागणी असते, मुलांनी जास्त कराव्यात, विक्रीतून शाळेला हातभार लागेल. हेतू चांगला आहे, तरी या सूचनेला आमचा विरोध आहे. पाच करणारे मूल शिकत असते. पाचशे करणारे मूल कामगार असते. मागणी आली की माप येते, माप आले की नापास आकृती येते, आणि वाकड्या पंखाचा विद्याधर कचऱ्यात जातो. दहावीनंतर ज्याला या कौशल्यावर पोट भरायचे असेल त्याने अवश्य भरावे, आणि तित चित्रकारासारखी आपली मजुरी ठणकावून सांगावी. तोवर नाही.

नावाविषयीही एक आग्रह आहे. ‘देवदूत’ हा शब्द आम्ही वर्गात वापरत नाही. ख्रिस्ती बांधवांनी त्यांचा सण आणि त्यांचे देवदूत आनंदाने सजवावेत. आपल्या परिसरातील कित्येकांच्या घरात पहिली पाटी मिशनच्या शाळेतून आली, हे विसरण्यासारखे नाही. पण ‘दूत’ म्हटले की कोणीतरी वरून पाठवलेला, कोणाचातरी निरोप घेऊन आलेला, असा अर्थ येतो. आपल्या सभागृहात कोणी वरून आलेले नाही. ‘विद्याधर’ म्हणावे, ‘आकाशचारी’ म्हणावे. मुलांनी स्वतःहून ‘उडते’ असा सुटसुटीत शब्द केला आहे, तोही चालेल.

यंदाच्या २५ डिसेंबरला सभागृहात मधोमध बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे चित्र असेल, पंचरंगी धम्मध्वजाच्या पताका असतील, महाडच्या दहनाविषयी नववीच्या मुली बोलतील आणि त्यांच्या डोक्यावर दोऱ्यांना विद्याधर टांगलेले असतील. सर्वांची तोंडे चित्राकडे वळवून दोरे बांधण्याचे काम सातवीकडे आहे. वाऱ्याने ती फिरतात, हे त्यांना अजून सांगितलेले नाही.

एक विनंती आहे. शंकूंसाठी जुन्या लग्नपत्रिका कमी पडत आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या घरातल्या, शेजारच्या, कार्यालयातल्या पत्रिका शाळेच्या पत्त्यावर पाठवाव्यात. त्यांवर कोणत्या देवाचे चित्र छापले आहे याची काळजी करू नये. आम्ही आतली कोरी बाजू वापरतो.